650 चा ओबीडी स्कॅनर, 7 महिने वापरून: गाडी सुधरली, बॅटरी झोपली

काल सकाळी गाडी चालूच झाली नाही. टक टक टक, बस. 15 दिवस अमरावतीला होतो, गाडी बिल्डिंगखाली अन् हा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचा डेटा फोनवर दाखवणारा डोंगल, गाडीच्या पोर्टमध्येच राहून गेला. त्याचा निळा लाईट अजूनही मिणमिणत होता, जशी काही बॅटरी मी त्याच्यासाठीच घेतली होती. गाडी बंद केली तरी त्या पोर्टला करंट चालूच राहतो अन् या डोंगलला बटन नाही. एक साधं बटन बे! मल्टिमीटर लावून पाह्यलं तर 40 मिलीअँपिअर खाऊन राहिला, म्हणजे दिवसाला जवळपास 1 अँपिअर-अवर, माझी बॅटरी 35 ची अन् तीही 4 वर्षं जुनी, हिशोब तुम्हीच करा. म्हणून आज 2 स्टार द्यायला बसलो होतो.

पण लिहिता लिहिता मे महिना आठवला. गाडी 2016 ची पेट्रोल. सकाळी थंड इंजिनला एका सेल्फमध्ये चालू. नागपूरच्या गोकुळपेठेत भाजी घ्यायला 15 मिनिटं थांबलो, परत चालू केली की फुरफुर करून बंद. तीन-चारदा सेल्फ मारा, अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरा, मग कशीतरी चालायची. 45 डिग्रीत व्हरायटी चौकात मागचे हॉर्न वाजवून राहिले अन् आपण घामाघूम. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी स्कॅन केलं, बिघाडाचा कोड नाही म्हणाले, थ्रॉटल बॉडी साफ करून 2400 घेतले. दोन दिवसांत पुन्हा तेच. मग ओळखीच्या मेकॅनिकनं क्रँक सेन्सर (इंजिन किती फिरतंय ते सांगणारा) बदलला, गरम झाला की सिग्नल सोडतो म्हणे. 1700 गेले. फरक शून्य.

तेव्हा चिडून हा मागवला. क्लोनच आहे, म्हणजे आतली ईएलएम327 चिप नकली, डब्यावर व्हर्जन 1.5 लिहिलंय अन् असली चिपचं 1.5 कधी निघालंच नव्हतं. आयफोनला जोडत नाही, अँड्रॉइडवर फ्री अ‍ॅपनं चालतो. कोड यालाही दिसला नाही, पण लाईव्ह डेटा दिसला, अन् पैसे तिथेच वसूल झाले. सेल्फ मारताना आरपीएम 220 दिसत होता, म्हणजे क्रँक सेन्सर ठीक (जुनाही ठीकच असावा, पण 1700 परत कोण देतो). कूलंट 92 डिग्री, म्हणजे तो सेन्सरही खोटं बोलत नव्हता. अ‍ॅक्सिलरेटर धरून गाडी जिवंत ठेवली अन् फ्युएल ट्रिम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतो ते, पाह्यला तर उणे 22! दोन मिनिटांनी हळूहळू शून्याकडे आला. म्हणजे तो कॉम्प्युटर पेट्रोल कापून राहिला, कुठूनतरी फुकटचं पेट्रोल आत येत होतं.

ते येत होतं पर्ज वॉल्व्हमधून. टाकीतली पेट्रोलची वाफ कॅनिस्टर नावाच्या डब्यात जमते, आपल्या उन्हात तर भरपूरच, अन् हा वॉल्व्ह गाडी चालताना ती थोडी थोडी इंजिनला सोडतो. माझा उघडाच अडकला होता. गरम गाडी बंद करून थांबलं की वाफ साचायची अन् चालू करताना सगळी एकदम ओढली जायची. थंड इंजिनला तसंही जास्त पेट्रोल लागतं, म्हणून सकाळी काही कळायचं नाही. खात्री करायला इंजिन चालू ठेवून वॉल्व्हचं कनेक्टर काढलं, कॅनिस्टरकडचा पाईप काढून वॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवलं. वीज नसली की हा बंदच पाहिजे. बोट असं चिकटलं जसं पोरगं कुल्फी ओढते.

नवीन वॉल्व्ह 1150 चा, दोन क्लिपा, घरीच लावला. तेव्हापासून एकदाही बंद पडली नाही.

तर बाप्पा, 4 स्टार. पाचवा त्या बटनाचा, तो देत नाही.

सध्या डोंगल खालच्या मजल्यावरच्या काकांनी नेलाय, त्यांच्या गाडीचा चेक इंजिन लाईट लागला म्हणून. रात्री आठवणीनं काढून ठेवा काका, असं दोनदा सांगितलं. आता बाल्कनीतून पाह्यलं तर त्यांच्या काचेतून निळं काहीतरी चमकून राहिलंय.