घरी मोटारबोट बांधायची तर : सांगाडा, शिवण की पूर्ण फायबर?

कोल्हापुरात राहून बारा-चौदा फुटांची मोटारबोट स्वतःच्या हाताने बांधायचे ज्यांनी मनावर घेतले आहे, त्यांच्यापुढे प्रत्यक्षात तीन वाटा असतात. लाकडी सांगाडा उभा करून त्यावर प्लायवूड बसवायचे आणि बाहेरून फायबरचा थर द्यायचा, ही पहिली. सांगाडा न करता मापात कापलेले प्लायचे तुकडे तारेने एकमेकांना शिवायचे आणि सांधे इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारे चिकट रेझिन) व काचकापडाने पक्के करायचे, ही दुसरी. साचा तयार करून अख्खी बोट फायबरमध्येच घडवायची, ही तिसरी. तिन्ही पद्धतींनी उत्तम बोटी होतात; परंतु घराच्या आवारात, सुट्टीच्या दिवसांत काम करून एकच बोट बांधणाऱ्याला त्या सारख्याच सोयीच्या नाहीत. माझे मत आधीच सांगतो : अशा माणसाने शिवणीची पद्धत निवडावी, आणि लाकडाची जाडी वाढवण्यावर जो पैसा जातो तो चांगल्या इपॉक्सीवर खर्च करावा. हे मत कशावर आधारलेले आहे आणि ते कुठे लागू पडत नाही, याचा हा आढावा आहे.

आधी पाणी ठरवावे

नदी, तलाव आणि धरणे असूनही मोटारबोटीसाठी मोकळे पाणी कोल्हापूरकरांना वाटते तितके हाताशी नाही. पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे एकापाठोपाठ एक आहेत. पावसाळा सरला की त्यांत पाणी अडवणारे बरगे घातले जातात आणि बोटीच्या दृष्टीने नदीचे तुकडे पडतात. दोन बंधाऱ्यांमधल्या पाण्यात फिरता येईल, पण तिथे जलपर्णी माजली की ती पंख्याला गुंडाळते आणि इंजिन थंड ठेवणारे पाणी आत घेणारी जाळी बुजवते. राधानगरी आणि काळम्मावाडीच्या जलाशयांना अभयारण्य लागून असल्याने जलसंपदा विभागाबरोबरच वनविभागाकडेही आधी विचारणा करावी लागते. रंकाळा तलाव शहराचा आहे. तिथे खासगी इंजिन चालवण्याचा विचार मनातून काढून टाकावा. म्हणजे बहुतेकांची बोट शेवटी आंबा, गगनबावडा किंवा फोंडा घाट उतरून कोकणातल्या एखाद्या खाडीतच सुटणार, आणि वर्षातला बहुतेक काळ घराच्या शेडमध्ये उलटी पडून राहणार.

यातून निवडीचा पहिला निकष मिळतो, तो वजनाचा. चार माणसांना उचलून पिकअपवर चढवता येईल आणि खाडीच्या काठावर तशीच उतरवता येईल एवढ्याच वजनाची बोट इथल्या माणसाच्या हातून वारंवार वापरली जाईल. आठ बाय चार फुटांची ६ मिमी जाडीची मरीन प्लायची शीट साधारण १२ किलो भरते आणि ९ मिमीची सुमारे १८ किलो. बारा फुटी बोटीच्या तळाला ९ मिमीच्या दोन आणि बाजूंना व आतल्या आडव्या पडद्यांना ६ मिमीच्या तीन शीट धरल्या, तर प्लाय ७२ किलोंच्या आसपास जाते. कापताना वाया जाणारे वजा करून त्यात रेझिन, कापड आणि काठाच्या पट्ट्या मिळवल्या, की शिवणीची बोट शंभर किलोंच्या घरात बसते. सांगाड्याच्या बोटीत याच आकाराला फासळ्या, कणा आणि लांब पट्ट्या यांची भर पडते, आणि ती सागवानात केली तर ती भर हाताला चांगलीच जाणवते.

वेगाचा विचारही इथेच करावा. पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीने बांधलेला असतो : लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की नॉटमधला वेग मिळतो. बारा फुटांना हा आकडा सुमारे ४.६ नॉट, म्हणजे तासाला साडेआठ किलोमीटर येतो. त्यापुढे जायचे तर बोट पाण्याच्या पृष्ठावर उचलली गेली पाहिजे. त्याला मागच्या बाजूला सपाट होत जाणारा तळ, पुरेशी ताकद आणि पुन्हा कमी वजनच लागते.

सांगाडा आणि शिवण

सांगाड्याच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. कुठल्याही चांगल्या सुताराला ही पद्धत न शिकवता कळते, सोळा फुटांपुढच्या बोटीला तिचा ताठरपणा खरोखर लागतो, आणि एखादी फासळी पुढेमागे खराब झाली तर ती बदलता येते. पण नवशिक्याचा घाम निघतो तो फासळ्यांच्या कडा रंधताना. बोटीची बाजू पुढे नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, वळत जाते, त्यामुळे प्रत्येक फासळीची कड वेगळ्या तिरक्या कोनात रंधावी लागते. कोन चुकला तर प्लाय कडेवर टेकत नाही, आणि ते स्क्रूने ओढून बसवले तर बाहेरून खळगा दिसतो. याहून मोठी अडचण पुढच्या वर्षांतली आहे. फासळी आणि तळ जिथे भेटतात तिथे पाणी अडते. पाणी वाहून जाण्यासाठी फासळ्यांना खाली खाचा ठेवल्या नाहीत, किंवा त्या कचऱ्याने बुजल्या, तर कुजणे नेमके तिथून आणि स्क्रूच्या भोकांतून सुरू होते.

शिवणीच्या पद्धतीला इंग्लंडमध्ये १९६३ साली आलेल्या ‘मिरर’ या छोट्या शिडाच्या बोटीने घरोघर नेले. तिचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवून सांध्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या जात. आजही कृती तीच आहे. नकाशाप्रमाणे तळाचे आणि बाजूंचे तुकडे कापायचे, कडांना साधारण सहा इंचांवर बारीक भोके पाडायची, तांब्याची तार ओवून पिळायची. सपाट प्लायला बोटीचा आकार या पिळण्यानेच येतो, आणि हाच टप्पा सर्वांत सावधपणे करायचा आहे, कारण एका बाजूची तार जास्त आवळली गेली तर संपूर्ण बोटीला पीळ बसतो आणि सांधे भरल्यावर तो काढता येत नाही. मागच्या उभ्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, एक सरळ पट्टी आणि मधल्या पडद्यावर दुसरी पट्टी आडवी ठेवून मागून एका डोळ्याने पाहावे. दोन्ही पट्ट्या समांतर दिसल्याशिवाय आणि नाळेच्या टोकापासून ट्रान्समच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत धरलेली दोरी सारखी भरल्याशिवाय रेझिनचा डबा उघडू नये.

त्यानंतर आतल्या कोपऱ्यांत इपॉक्सीची गोलाई भरायची. रेझिन आणि हार्डनर आधी नीट मिसळून मग त्यात लाकडाची बारीक पूड आणि थोडी सिलिका पावडर घालत जायचे. मिश्रण श्रीखंडाइतके घट्ट झाले, चमचा तिरका केला तरी ओघळेना, की ते तयार. गोल टोकाच्या पट्टीने ते कोपऱ्यात ओढायचे आणि ओले असतानाच वर काचपट्टी बसवायची. या कामात कोल्हापूरकरांना एक फायदा आहे, ज्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. इथल्या फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न करणारे कारागीर उद्यमनगर परिसरात आहेत, आणि पॅटर्नच्या आतल्या कोपऱ्यांत मापाची गोलाई भरणे हे त्यांचे रोजचे काम आहे. त्यांच्याकडे काही तास उभे राहून हात पाहिला, तर छापील सूचनांपेक्षा जास्त शिकायला मिळेल.

आठ फुटी शीटमधून बारा फुटी बाजू काढायला जोड द्यावाच लागतो. तो तिरका रंधून द्यावा आणि उताराची लांबी जाडीच्या आठपट ठेवावी. ६ मिमीला ती ४८ मिमी होते. हे काम दोन्ही पद्धतींत सारखेच आहे.

पॉलिएस्टर आणि इपॉक्सी

खरा निर्णय इथे आहे. फायबरची टाकी, दरवाजा किंवा मूर्तीचा साचा करणाऱ्याकडे गेलात तर तो पॉलिएस्टर रेझिन सुचवील, कारण ते त्याच्या हातातले आहे, सहज मिळते आणि इपॉक्सीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. फायबरवर फायबर चढवायला ते योग्यच आहे. लाकडावर मात्र त्याची पकड कच्ची असते. घट्ट होताना ते आकसते आणि लाकूड ओलाव्याने फुगते-आटते, तेव्हा त्यांच्यातला थर सुटत जातो. सुटलेल्या थराखाली शिरलेले पाणी बाहेर येत नाही, आणि वरून चकचकीत दिसणारी बोट आतून कुजते. इपॉक्सी फारसे आकसत नाही आणि लाकडाच्या तंतूंना धरून राहते.

हे कुणाच्या सांगण्यावरून मानू नये, घरी तपासता येते. त्याच प्लायच्या दोन तुकड्यांवर एकाच वजनाचे काचकापड, एकावर पॉलिएस्टरने आणि दुसऱ्यावर इपॉक्सीने लावावे. आठवडाभर ठेवून कडेला पटाशी घालून थर उचकटावा. पॉलिएस्टरचा थर बहुधा सालीसारखा सुटून येतो आणि त्याची खालची बाजू स्वच्छ असते. इपॉक्सीचा थर निघताना लाकडाचे तंतू सोबत ओढून आणतो, म्हणजे सांध्याआधी लाकूड फाटते.

दोघांची हाताळणीही वेगळी आहे. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर साधारण एक ते दोन टक्के पडतो आणि हवेप्रमाणे तो थोडा कमी-जास्त करता येतो. इपॉक्सीचे प्रमाण उत्पादकाने दिले असेल तेच पाळावे लागते. लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर वाढवला, तर मिश्रण कायमचे मऊ राहते. कापडातही फरक आहे. तुटक तंतूंच्या मॅटमधला चिकट पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत तो तसा विरघळत नाही. म्हणून इपॉक्सीबरोबर विणलेले काचकापड घ्यावे. सुरक्षिततेची एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी : पॉलिएस्टरचा हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रावण) हे दोन्ही कधीही थेट एकत्र करू नयेत, त्यातून स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच हार्डनर घालावा. इपॉक्सीचा धोका सावकाश येणारा आहे. उघड्या त्वचेला ते वारंवार लागले तर ॲलर्जी जडते आणि ती पुढे कायम राहते. हातमोजे पहिल्या दिवसापासून घालावेत.

प्लाय घेताना आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का पाहावा. आयएस ३०३ चे प्लाय फर्निचरसाठी ठीक आहे. नुसत्या शिक्क्यावर न थांबता प्रत्येक शीटच्या चारही कडा पाहून आतल्या थरांत पोकळ्या नाहीत ना हे तपासावे, आणि एक छोटा तुकडा काही तास उकळून, वाळवून, पुन्हा उकळून थर सुटतात का ते बघावे.

कामाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात लाकडात ओलावा भरलेला असतो आणि तो इपॉक्सीखाली कोंडला जातो. शिवाय दमट हवेत घट्ट होणाऱ्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो, जो पुढचा हात देण्यापूर्वी पाण्याने घासून धुवावा लागतो. एप्रिल-मेमध्ये उलट त्रास होतो, मग्यात ठेवलेले मिश्रण पाहता पाहता तापून धुरावते. हिवाळ्यातही पहिला हात सकाळी न देता दुपार कलल्यावर द्यावा. तापमान चढत असताना लाकडातली हवा प्रसरण पावून बुडबुडे वर येतात. उतरत असताना लाकूड रेझिन आत ओढून घेते. आणि उन्हात इपॉक्सी खराब होत असल्याने शेवटी रंग द्यावाच लागतो.

पूर्ण फायबर कधी

साच्यातली बोट म्हणजे तीन कामे : आधी लाकडाची नमुना बोट, तिच्यावरून साचा, आणि साच्यातून खरी बोट. चार-पाच जण मिळून एकसारख्या बोटी करणार असतील तर ही मेहनत वाटली जाते. एका बोटीसाठी ती परवडत नाही. ज्याला बोट सतत पाण्यात ठेवायची आहे किंवा दगडांवर ओढायची आहे, त्याने मात्र तयार फायबरची बोट विकत घ्यावी, असे मी स्पष्टपणे सांगेन.

हीच गोष्ट पुराच्या कामाची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर शिरोळ आणि करवीरच्या गावांत अनेकांच्या मनात स्वतःच्या बोटीचा विचार आला असेल, आणि राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडलेली पाहिलेल्याला तो येणारच. पण पुराच्या पाण्याखाली कुंपणाच्या तारा, उसाचे फड आणि विजेचे खांब असतात, आणि प्रवाहाची ताकद निराळीच असते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली बोट उलटून अनेकांचा जीव गेला, ते या भागात कुणी विसरलेले नाही. हौसेने बांधलेली हलकी बोट या कामासाठी धरू नये.

तरंगण्याची राखीव व्यवस्था मात्र हौशी बोटीतही पूर्ण हवी. बंद पेशींचा एक घनफूट फोम पाण्यात दाबला गेला की सुमारे २७ किलो वजन तोलून धरतो. आठ घनफुटांचा फोम बसण्याच्या फळ्यांखाली दोन्ही बाजूंना वाटून बसवला तर पाण्याने भरलेली बोटही इंजिनासह तरंगत राहते आणि धरायला आधार मिळतो. थर्माकोल वापरू नये, कारण पेट्रोल आणि पॉलिएस्टर रेझिन दोन्ही त्याला विरघळवतात. फोमचे ठोकळे काढता येतील असे ठेवावेत, म्हणजे मागचे लाकूड वाळवता येईल.

इंजिन लावलेले जलयान हे कायद्याच्या दृष्टीने यांत्रिक जलयान ठरते. इनलँड व्हेसल्स ॲक्ट, २०२१ मध्ये त्याच्या पाहणीची आणि नोंदणीची तरतूद आहे. त्यामुळे नकाशे, प्लायची बिले आणि सांधे झाकले जाण्यापूर्वीचे फोटो जपून ठेवावेत. खाडीत जाण्यापूर्वी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात चौकशी करावी. इंजिनाची निवड प्लाय कापण्यापूर्वी झालेली असावी, कारण आखूड दांड्याच्या आउटबोर्डला (ट्रान्समवर बाहेरून लावायच्या इंजिनाला) १५ इंच उंचीचा ट्रान्सम लागतो आणि लांब दांड्याच्याला २० इंच, आणि सांधे भरल्यावर ती उंची बदलणे म्हणजे बोटीची मागची बाजू नव्याने करणे.