घरगुती जंतुनाशके तपासण्यासाठी डिप-स्लाइड: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

डिप-स्लाइड म्हणजे अगरचा (जिवाणू वाढवण्यासाठीच्या जेलीसारख्या पदार्थाचा) थर दिलेली, झाकणाच्या नळीत बंद असलेली प्लास्टिकची छोटी पट्टी. कारखान्यांत कूलिंग टॉवरचे पाणी तपासण्यासाठी ती वापरतात. मी गेले काही महिने स्वयंपाकघराचा ओटा, मोरी आणि फरशी यांसाठी वापरत आहे. अगरमधील टीटीसी हे रसायन वाढणाऱ्या जिवाणूंमुळे लाल होते, त्यामुळे वसाहती लाल ठिपक्यांच्या रूपाने दिसतात आणि सोबतच्या तक्त्याशी ताडून संख्येचा अंदाज बांधता येतो. पट्टी ३० अंशांच्या आसपास २४ ते ४८ तास ठेवावी लागते. उन्हाळ्यात ती कपाटात ठेवली तरी चालते; थंडीत मी खोक्यात झीरोचा बल्ब लावतो.

कोरड्या ओट्यावर फारसे काही उगवत नाही. ओटा पुसण्याचे ओले फडके पिळून त्या पाण्यात पट्टी बुडवली, तर मात्र दुसऱ्या दिवशी सगळी बाजू एकसारखी लाल झालेली असते आणि ठिपके मोजण्याचा प्रश्नच उरत नाही.

या पट्टीतील मोठी उणीव माहितीपत्रकात कुठेही लिहिलेली नव्हती. बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक असलेल्या क्लीनरने नुकत्याच पुसलेल्या फरशीवर ती टेकवली, की औषधाचा अंश अगरवर उतरतो आणि जिवाणू जिवंत असूनही वाढत नाहीत. म्हणजे कोरी पट्टी हा फरशी निर्जंतुक झाल्याचा पुरावा ठरत नाही. हा अंश निष्प्रभ करण्यासाठी प्रयोगशाळेत अगरमध्ये लेसिथिन व पॉलिसॉर्बेट मिसळतात, तर क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेट वापरतात. असे न्यूट्रलायझर असलेल्या पट्ट्या मागवल्यावर त्याच फरशीवर ठिपके दिसू लागले. बादलीत क्लीनरबरोबर कपड्यांची पावडरही टाकली, तर ते आणखी वाढतात, कारण डिटर्जंट बेंझाल्कोनियमला निष्प्रभ करतो. ही सवय आपल्याकडे किती घरांत आहे, हे वेगळे सांगायला नको.

५ टक्क्यांच्या ब्लीचचा १ भाग ५० भाग पाण्यात मिसळून, आधी साबणाने धुतलेल्या ओट्यावर १० मिनिटे राहू दिला, तर पट्टी जवळजवळ कोरी निघते. तेच पाणी तेलकट ओट्यावर फवारून लगेच पुसले, तर फरक जेमतेम पडतो, कारण क्लोरीन तेलात आणि अन्नाच्या कणांतच खर्ची पडतो. व्हिनेगरने नळावरचे क्षार उत्तम निघतात. जंतुनाशक म्हणून त्याचा निकाल सुमारच आहे.

बाटलीवरील ९९.९ टक्क्यांचा अर्थ हजारांत एक जिवाणू उरतो असा आहे, आणि तोही लेबलवर बारीक अक्षरांत दिलेला वेळ पाळल्यास. फिनाइलवरील आरडब्ल्यूसी (रिडील-वॉकर कोएफिशंट) हा आकडा रिडील आणि वॉकर यांच्या १९०३ सालच्या पद्धतीतून आला आहे. टायफॉइडच्या जिवाणूंवर ते द्रव्य फिनॉलच्या किती पट प्रभावी आहे, एवढेच तो सांगतो; आपल्या मोरीच्या चिकट कडेबद्दल त्यावरून काहीच कळत नाही.

पट्टीवर उगवलेला जिवाणू कोणता, हे घरी ओळखता येत नाही, त्यामुळे आजारपणाचा उलगडा करण्यासाठी ती घेऊ नये. घ्यायचीच असेल तर न्यूट्रलायझर असलेलीच घ्यावी, आणि वापरलेली पट्टी नळीत ब्लीच भरून रात्रभर बुडवून ठेवल्याशिवाय कचऱ्यात टाकू नये.