खानावळीच्या भिंतीवर कुठलं भूत?

मालवणात खानावळ काढणारा मावसभाऊ भयपटाच्या पोस्टरवर अडलाय: ‘पुराना मंदिर’ (१९८४) की ‘तुंबाड’ (२०१८)?

‘पुराना मंदिर’ काढणाऱ्या रामसे बंधूंच्या काळातलं पोस्टर म्हणजे सगळा बाजार एकदम: राक्षस, हवेली, किंचाळणारी बाई. भीती बाहेरून येणारी, आणि तिकीट बाईच्या अंगावर विकलेलं. माशाच्या ताटासमोर हे आज खटकतं. ‘तुंबाड’ची भीती घरातल्याच हावेची, वाटण्यांवरून कोर्टात गेलेल्या आपल्या घरांना ती जास्त झोंबते.

किंमत? जुनं अस्सल महाग, नवी प्रिंट स्वस्त. टिकण्यात तर तुलनाच नको. खाऱ्या दमट हवेत जुन्या कागदाच्या घडीवर आषाढातच बुरशीचे ठिपके उठतात. फ्लेक्स ओल्या फडक्याने पुसता येतो.

संग्रहाची हौस असेल तर जुनं घे, पण काचेत, आतल्या खोलीत. खानावळीला ‘तुंबाड’च. फक्त पोरं बसतात त्या टेबलासमोर नको रे बाबा.