क्रूझच्या ड्रिंक्स पॅकेजचे पैसे एजंटला देऊ नका

सिंगापूरहून क्रूझला जायचं ज्या मराठी कुटुंबांचं ठरलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. तिकीट एजंटकडून काढा, त्याला माझी हरकत नाही. पण जहाजावरच्या पेयांचं पॅकेज, वाय-फाय, बंदरावरच्या सहली यातल्या कशाचेही पैसे त्याच्या हातात देऊ नका. आमच्याकडून पाच जणांच्या दारूच्या पॅकेजचे म्हणून १,४०,००० रुपये घेतले गेले. जहाजावर गेल्यावर कळलं, त्यातल्या तिघांच्या नावावर फक्त कोल्ड्रिंकचं पॅकेज होतं. त्या तिघांत माझे सासू-सासरे आणि १६ वर्षांची मुलगी. १६ वर्षांच्या मुलीच्या नावाने दारूचे पैसे घेतले, हे लिहितानाही संताप होतो.

आम्ही नाशिकचे. एजंट नवऱ्याच्या ऑफिसमधल्या ओळखीतून आलेला, सिंगापूर-मलेशियाचे ग्रुप नेणारा, बोलायला अतिशय गोड. क्रूझ चार रात्रींची होती, सिंगापूरच्या मरिना बे टर्मिनलवरून पेनांग आणि फुकेत करून परत. दोन केबिन घेतल्या. एकीत आम्ही दोघं आणि मुलगी, दुसरीत सासूबाई आणि बाबा. पिणारा माणूस घरात एकच, माझा नवरा, तोही संध्याकाळी दोन बिअर किंवा वाइनचा एखादा ग्लास एवढंच. म्हणून आम्ही पॅकेज नको असंच सांगितलं होतं. पण नवऱ्याला प्यायची असेल तर काय, असं विचारल्यावर त्याचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. तो जसाच्या तसा देते: “वहिनी, शिपचा रूल आहे. एकाने ड्रिंक्स घेतले की फॅमिलीतल्या सगळ्या ॲडल्टना घ्यावेच लागतात. दीदीपण तिकिटावर ॲडल्टच आहे. तिथे जाऊन घेतलं तर डबल पडेल, मी ग्रुप रेटमध्ये करून देतो.”

या मेसेजमधली खुबी अशी की त्यात थोडं खरं आहे. रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल अशा अमेरिकन कंपन्यांचा तसा नियम आहेच, पण तो कुटुंबाला नाही, केबिनला लागतो. एका केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं, तर त्याच केबिनमधल्या दुसऱ्या प्रौढालाही घ्यावं लागतं, नाहीतर एकाच्या पॅकेजवर दोघं पितील. शेजारच्या केबिनमधल्या आई-वडिलांचा त्याच्याशी काही संबंध नाही. आणि ‘प्रौढ’ म्हणजे तिकिटावर पूर्ण भाडं लागलेला माणूस नव्हे. दारू पिण्याचं वय जहाज स्वतः ठरवतं. आमच्या जहाजावर ते १८ होतं, अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर २१ असतं. सोळा वर्षांच्या मुलीला ते पॅकेज मागितलं तरी विकत नाहीत. खऱ्या नियमाच्या आडून त्याने खोटी वसुली केली. नियम इंग्रजीत, कंपनीच्या वेबसाइटवर खोल कुठेतरी असतो, आणि वेबसाइटवर आमच्या बुकिंगपर्यंत जायचा रस्ता त्याने आधीच बंद करून ठेवला होता.

तो कसा, हे नीट समजून घ्या. क्रूझचं तिकीट निघालं की एक रिझर्व्हेशन नंबर मिळतो. तो नंबर, आडनाव आणि जहाज सुटायची तारीख घालून कोणीही आपलं खातं उघडून बुकिंग त्याला जोडू शकतो. पेयांची पॅकेजं किती डॉलरला आहेत, कोणाच्या नावावर काय घेतलंय, सगळं त्या खात्यात दिसतं. आम्हाला तो नंबर कधी दिलाच नाही. “पूर्ण पेमेंट झाल्यावर देतो”, मग “चेक-इन मीच करतो, तुम्हाला कशाला त्रास”. ऑनलाइन चेक-इन त्याने स्वतःच्या ईमेलवरून केलं, त्यामुळे खरेदीच्या पावत्या त्याच्याकडे गेल्या. आमच्या हातात पडला तो थेट बोर्डिंग पासचा पीडीएफ आणि त्याच्या लेटरहेडवर टाइप केलेली एक ओळ: ‘ड्रिंक्स पॅकेज ५ पॅक्स’, म्हणजे पाच प्रवासी. कुठलं पॅकेज, ते नाही. पैसेही तिकिटाच्या खात्यात न घेता वेगळ्या यूपीआयवर मागितले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरच्या डेकवर सासूबाईंनी ताज्या संत्र्याचा ज्यूस मागितला. बारवरचा मुलगा म्हापशाचा निघाला. या जहाजांवर गोव्याची बरीच मुलं काम करतात, मराठी ऐकून तो आपणहून बोलायला लागला होता. त्याने त्यांचं जहाजावरचं कार्ड मशीनला लावलं, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, “आजी, तुमच्या कार्डावर नुसता सोडा आहे. ज्यूसचे वेगळे लागतील.” मी म्हटलं, अहो, डीलक्सचे, म्हणजे दारूच्या पॅकेजचे पैसे भरलेत आम्ही. त्याने बाबांचं कार्ड मागितलं, तेच. मुलीचं लावलं, तेच. मुलीचं वय ऐकल्यावर त्याने हात जोडले. “मॅडम, हिच्या नावावर दारूचं पॅकेज सिस्टीम घेतच नाही. तुम्ही खाली गेस्ट सर्व्हिसला जा आणि जहाजावर चढायच्या आधी काय काय घेतलंय त्याचा प्रिंट मागा.” त्या मुलाचे उपकार आहेत. आज आमच्याकडे जो मुख्य पुरावा आहे, तो त्याच्या सांगण्यामुळे हातात आला.

प्रिंटमध्ये सगळं होतं. आम्हा दोघा नवरा-बायकोच्या नावावर दारूचं पॅकेज, माणशी दिवसाला ६० डॉलर. बाकी तिघांच्या नावावर सोडा, दिवसाला १२ डॉलर. वर १८ टक्के सेवाशुल्क. खरेदीची तारीख आम्ही पैसे दिल्यानंतर दीड महिन्याने, कंपनीचा सेल लागला तेव्हाची. आम्हाला त्याने दर सांगितला होता ७५ डॉलर अधिक १८ टक्के, म्हणजे चार दिवसांचे तेव्हाच्या दराने तीसेक हजार रुपये, आणि त्यातून ‘ग्रुप डिस्काउंट’ देऊन माणशी २८,००० घेतले. प्रत्यक्षात पाचही जणांचं मिळून त्याने कंपनीला भरले ते साधारण ६२,००० रुपये. उरलेले पंच्याहत्तर हजारांहून जास्त त्याच्या खिशात.

आता पॅकेज मुळात घेण्याजोगं आहे का, ते. कारण एजंट प्रामाणिक असता तरी आमच्यासारख्या घराला ते परवडलं नसतं, आणि हा हिशोब कोणी आधी करून दाखवत नाही. ७५ डॉलरचं पॅकेज सेवाशुल्क धरून ८८.५० डॉलरला पडतं, दर दिवशी, दर माणशी. बारवर ९ डॉलरची बिअर सेवाशुल्कासह १०.६२ डॉलरला पडते. म्हणजे रोज नऊ बिअर प्यायल्या तर पॅकेजचे पैसे फिटतात. १४ डॉलरचं कॉकटेल घेत असाल तर रोज सहा. आणि हे एकाचं झालं. केबिनमध्ये बायको पीत नसेल तरी तिचेही भरायचे, मग तोच आकडा नवऱ्याने एकट्याने दुप्पट करायचा. सतरा बिअर रोज! पॅकेज काही दिवसांपुरतं घेता येत नाही, पूर्ण प्रवासाचं घ्यावं लागतं. पेनांगला आणि फुकेतला तुम्ही दिवसभर जमिनीवर फिरता, तिथे या पॅकेजचा घोटभर उपयोग नाही, पण पैसे त्या दिवसाचेही लागतात.

यात भर म्हणजे पॅकेजमध्ये ‘अमर्याद’ असं बहुतेक वेळा काही नसतं. एका पेल्याच्या किमतीला मर्यादा असते, त्यावरचं घेतलं तर फरक भरायचा. कार्निव्हलवर २४ तासांत दारूचे १५ पेले, त्यापुढे मिळत नाहीत. आपल्या कार्डावर घेतलेला पेला दुसऱ्याला दिलेला चालत नाही, पॅकेज काढून घेऊ शकतात. नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीच्या तिकिटावर पेयं ‘फुकट’ लिहिलेली पाहिलीत, तर त्या फुकट पॅकेजवरचं २० टक्के सेवाशुल्क प्रवाशालाच भरावं लागतं हे लक्षात ठेवा. यातली एकही गोष्ट लपवलेली नाही, सगळं नियमांत लिहिलेलं असतं, म्हणून जहाज कंपनीला मी फसवणूक करणारी म्हणणार नाही. पण विकताना ते कोणी वाचून दाखवत नाही.

कोणाला परवडतं? दोघंही रोज दुपारपासून रात्रीपर्यंत आरामात पिणारे असतील, समुद्रावरचे दिवस जास्त आणि बंदरं कमी असतील, तर परवडतं. दारू न पिता ताजे ज्यूस, मॉकटेल, चांगली कॉफी दिवसभर लागत असेल, तर बिनदारूचं वेगळं पॅकेज मिळतं, बरंच स्वस्त असतं. सोडा पॅकेज मात्र निव्वळ कोक-स्प्राइटचं, त्यात ज्यूस येत नाही. केबिनमधला दुसरा माणूस तब्येतीमुळे किंवा धर्मामुळे दारू पीत नसेल, तर काही कंपन्या विनंती केल्यावर त्याला बिनदारूच्या पॅकेजवर सोडतात. फोन करून विचारायला काहीच जात नाही.

बाकी ज्येष्ठांना आणि मुलांना लागतं ते बहुतेक जहाजावर फुकटच असतं: पाणी, साधा चहा-कॉफी, दूध, लिंबू सरबतासारखं लेमनेड, सकाळच्या नाश्त्याचे ज्यूस. सासूबाई घरून गवती चहा आणि सुंठ घेऊन आल्या होत्या, बुफेतलं गरम पाणी घेऊन रोज त्यांचा चहा व्हायचा. आणि बऱ्याच अमेरिकन कंपन्या चढतानाच प्रत्येक प्रौढाला ७५० मिलीची वाइनची एक बाटली सोबत आणू देतात. आपल्या कंपनीचा नियम आधी पाहा, पण नाशिकच्या माणसाने एवढं नक्कीच पाहावं.

तिकीट एजंटकडून असलं तरी पेयांसारख्या गोष्टी प्रवासी स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या कार्डाने घेऊ शकतो, हेच आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. केबिन बदलायची, तारीख बदलायची तर एजंटमार्फतच जावं लागतं. पॅकेजला नाही. साधारणपणे जहाजावर चढायच्या आधी घेतलं तर स्वस्त पडतं, दर वरखाली होत राहतात, आणि रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांत आधी घेतलेलं रद्द करून सेलच्या दराने पुन्हा घेता येतं. एजंट आमच्या पैशावर थांबून हेच करत होता. परदेशी चलनाचा बँकेचा आकार बहुतेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत लागतो, तो हिशोबात धरा. तरी एजंटच्या ‘ग्रुप रेट’पेक्षा ते कमीच पडेल.

परत आल्यावर त्याची उत्तरं रोज बदलत गेली. आधी “जहाजवाल्यांचा एरर आहे, क्लेम टाकतो”. मग “वहिनी, सोडा पण ड्रिंक्सच ना?” मग पुढच्या टूरमध्ये ॲडजस्ट करतो. मी प्रिंटचा फोटो पाठवला त्या दिवसापासून फोन उचलणं बंद.

आम्ही काय केलं, ते कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिचा नंबर घेतला. नवऱ्याने आयकराच्या पोर्टलवर फॉर्म २६एएस काढला. परदेशी सहलीच्या पॅकेजवर विकणाऱ्याला टीसीएस, म्हणजे ग्राहकाकडून विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आयकर, घ्यावा लागतो आणि तो आपल्या पॅनवर दिसतो. तिकिटाची रक्कम तिथे होती, ड्रिंक्सच्या १,४०,००० चा पत्ता नव्हता. म्हणजे ते पैसे त्याने सहलीच्या हिशोबात धरलेच नव्हते. ही एक गोष्ट दाखवल्यावर त्याचा वकील पहिल्यांदा मवाळ झाला. नोटीस पाठवून महिना थांबलो आणि मग नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली, ई-जागृती पोर्टलवरून. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते, सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. जोडलेली कागदपत्रं: व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, त्याचं लेटरहेड, जहाजावरचा प्रिंट. प्रिंट जहाजावर असतानाच घ्या. उतरल्यावर कंपनीकडून तोच कागद ईमेलने मागायला गेलो तर बुकिंग एजंटच्या ईमेलवर असल्याचं सांगून आम्हाला परत त्याच्याकडेच पाठवलं.

मध्यंतरी ओळखीतल्या एकांकरवी त्याने निरोप धाडला, निम्मे पैसे घ्या आणि तक्रार मागे घ्या. बाबांनी नाही म्हणून सांगितलं. त्यांच्या नावावर दारूचे पैसे घेतले, याचा त्यांना पैशापेक्षा जास्त राग आहे. आमच्याच ग्रुपमधल्या आणखी दोन कुटुंबांनी आता शोध घेतला. एका घरी आजोबांच्या आणि नातवाच्या, दुसऱ्या घरी तिघांच्या नावावर सोडाच होता. त्यांच्या तक्रारी वेगळ्या दाखल होणार आहेत, कागदपत्रं आम्ही त्यांना दिली आहेत.