घरी बनवलेलं आर्केड मशीन : एक अख्खा पावसाळा काढल्यानंतर

दिवाळीच्या सुट्टीत उभं केलेलं मशीन, म्हणजे जुन्या पार्लरमध्ये असायचं तसं व्हिडिओ गेमचं उभं कपाट, आता गणपतीही होऊन गेले, म्हणजे थंडी उन्हाळा पावसाळा सगळं बघून झालंय त्याचं, म्हणून आता लिहिते. तेव्हा फोटो बघून बरेच जण लिही लिही म्हणून मागे लागले होते, पण नवीन वस्तूचं काय, पहिल्या आठवड्यात सगळंच भारी वाटतं.

मत आधीच सांगून टाकते म्हणजे घाईतल्यांची सुटका. मला जो तो सॉफ्टवेअरचं विचारतो, रास्पबेरी पाय (गेम चालवणारा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं पाय म्हणते) कुठला घेतला, गेम किती आहेत वगैरे. एवढे महिने वापरून माझं म्हणणं असं की मशीन रोज खेळलं जाणार की कोपऱ्यात उभं राहून त्यावर इस्त्रीचे कपडे पडणार हे लाकूडकामावर ठरतं. प्लाय कुठला, पॅनलची, म्हणजे जॉयस्टिक-बटणांच्या फळीची, उंची किती, मागचं दार झटकन उघडतं का. बाकीचं सगळं नंतर बदलता येतं, हे तीन बदलायचे तर मशीन पुन्हा बनवायला लागतं.

मी कोण, तर भांडुपला वन बीएचके, नोकरी अकाउंट्सची, सुतारकामाचा अनुभव म्हणाल तर भिंतीला ड्रिल मारून स्टँड लावलेला तेवढाच. घरात सासरे आहेत, रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधून रिटायर, हत्यारं हाताळण्यात वाघ, पण त्यांची अट एकच होती, "मी हात लावणार नाही, चुकत असशील तिथे ओरडेन." आणि ओरडले पण.

हौस कुठून आली ते पण सांगते. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, नाणं टाकायचं आणि खेळायचं. मुलींनी येऊ नये असं कोणी म्हणायचं नाही पण कोणी मुलगी जायची पण नाही. दादा आत मुस्तफा खेळायचा आणि मी दारात उभी राहून "मागे आला मागे आला" ओरडायचे. त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, कॅपकॉमचा, १९९३ चा, हे कळेपर्यंत माझं लग्न झालेलं होतं.

आता प्लाय. बाहेरच्या देशातले सगळे व्हिडिओ एमडीएफमध्ये (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) बनवतात, गुळगुळीत असतं, कापायला सोपं, स्वस्त. आपल्याकडे मुंबईत एमडीएफची उघडी कड म्हणजे जूनची वाट बघत बसलेलं संकट. आमच्याच मजल्यावर एकांकडे एमडीएफचं चपलांचं कपाट आहे, खालची कड फुगून पुस्तकासारखी उलगडलीय. म्हणून मी १८ एमएमचा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय घेतला, ज्याला दुकानदार मरीन म्हणतात, शीटवर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्यायचा. आयएस ३०३ वाला एमआर (थोडा ओलावा सोसणारा) प्लाय स्वस्त पडतो, कोरड्या जागी चालतो, पण मशीन आमच्याकडे खिडकीपासून हातभर अंतरावर आहे आणि भांडुपचा पाऊस आडवा येतो. एक आठ बाय चारची शीट आणि एक सहा बाय तीनची, एवढ्यात काम झालं. अख्खी शीट लिफ्टमध्ये जातच नाही, त्यामुळे सरळ कटिंग सगळं दुकानातच मशीनवर करून घेतलं. नवशिक्यांनी हेच करा, घरात बसून हातकरवतीने आठ फूट सरळ कापायचं धाडस करू नका. दुकानदाराकडून काटकोनात कापलेले तुकडे मिळाले की अर्धी लढाई तिथेच जिंकली.

मापं : उंची ६५ इंच, रुंदी २५, खोली २२. यातलं खोलीचं माप गेमवरून ठरलेलं नाही, बेडरूमच्या दारावरून ठरलंय. आमचं दार ३० इंचाचं, त्यात चौकट, त्यात बिजागरीवर अर्धवट उघडणारी फळी. मशीन हॉलमधून बेडरूममध्ये आणि पाहुणे आले की परत, अशी त्याची ये-जा चालू असते, त्यामुळे हे माप रोज उपयोगी पडतं.

बाजूच्या फळ्यांचा तो वळणदार आकार जिगसॉने (वळणं कापायची विजेवरची करवत) कापला. आधी फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पूर्ण मापाचा साचा काढला, तो भिंतीला टेकवून उभं राहून बघितलं, हात कुठे येतात, मान किती वाकते, मग प्लायवर आखलं. दोन्ही फळ्या सी क्लॅम्पने एकमेकींना आवळून कडा एकत्रच पॉलिश पेपरने घासल्या, त्यामुळे डावी उजवी अगदी जुळतात. सांधे म्हणाल तर काही कलाकारी नाही. प्लायच्या कडेत सरळ स्क्रू मारला की थर फाकतात, म्हणून आतून लाकडी पट्ट्या मारल्या, फेविकॉल लावून, आणि फळ्या त्या पट्ट्यांना स्क्रू केल्या. बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही, बघणाऱ्याला वाटतं बाईने काय जोडकाम केलंय. सासरे प्रत्येक सांध्याला गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून बघायचे आणि काही न बोलता पुढे सरकायचे, म्हणजे पास.

पॅनलची उंची हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे या मशीनचा. इंटरनेटवर ३६ पासून ४० इंचापर्यंत काय वाट्टेल ते सांगतात. मी ५ फूट २ इंच, मुलगा अजून चौथीत, नवरा पावणेसहा फूट. शेवटी स्वयंपाकघरातल्या ओट्याजवळ उभी राहिले, ओटा ३४ इंचाचा आहे, पोळ्या लाटताना खांदे दुखत नाहीत, मग त्याच्यावर एक इंच चढवून ३५ केलं आणि खेळणाऱ्याच्या बाजूला थोडासा उतार दिला. एवढ्या महिन्यांत नवरा सोडून कोणाची तक्रार नाही, आणि तो उंच स्टूल घेऊन बसतो. मनगट टेकतं ती पुढची कड गोल घासलीय, ही छोटी गोष्ट वाटते पण तासभर खेळलात की कळतं.

पॅनल मात्र १८ एमएमचं केलं नाही. कारण जॉयस्टिक खालून बसते, प्लाय जाड असला की दांडी वर कमी येते आणि मूठ नीट पकडता येत नाही. बटणांचं पण तसंच, खटकन बसणारी बटणं पातळ पत्र्यासाठी असतात, लाकडाला खालून नट फिरवून आवळायची बटणं घ्या. मी ९ एमएमचा प्लाय, वर सनमायका, आणि खालून दोन आडव्या पट्ट्या मारून ताकद दिली. मुलगा आणि त्याचे मित्र ज्या पद्धतीने त्यावर रेलतात ते बघता पट्ट्या नसत्या तर पॅनलचा झोपाळा झाला असता.

भोकं पाडताना होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) वरून चालवला की सनमायकाचे टवके उडतात. खाली टाकाऊ प्लायचा तुकडा घट्ट आवळायचा, वर मास्किंग टेप, आणि ड्रिल हळू. आणि बटणं हातात आल्याशिवाय भोकं पाडू नका, ३० एमएमची म्हणून मिळालेल्या माझ्या सेटमधली लाइटवाली बटणं व्हर्नियरने मोजल्यावर २८ ची निघाली. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणतो मॅडम सगळे हेच नेतात. हत्यारं आणि स्क्रू नागदेवी स्ट्रीटवरून, मस्जिदला उतरून चालत, आणि बटणं, वायरी, कनेक्टर लॅमिंग्टन रोडवरून. दोन्हीकडे शनिवारी दुपारच्या आत जा, नंतर उभं राहायला जागा मिळत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सबद्दल पटकन. रास्पबेरी पाय ४, त्यावर रेट्रोपाय हे जुने गेम चालवायचं सॉफ्टवेअर. ऑफिसमधून भंगारात निघालेला १९ इंची जुना चौकोनी मॉनिटर, १२८० बाय १०२४ चा, जुन्या गेमना हाच आकार शोभतो, रुंद टीव्ही लावला की दोन्ही बाजूला काळे पट्टे येतात. पाय ४ ला हेडफोनचा पिन आहे त्यामुळे आवाज सरळ छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला जातो, पाय ५ ला तो पिन काढून टाकलाय हे लक्षात ठेवा. २३० व्होल्टचं वायरिंग मी केलंच नाही, आत एक तयार एक्स्टेंशन बोर्ड स्क्रूने बसवलाय आणि सगळे अ‍ॅडॉप्टर त्यात. एमुलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, कायदेशीर आहे, गेमच्या फाइल बहुतेक नाहीत, तो हिशोब ज्याचा त्याने करावा, मेम या आर्केड एमुलेटरच्या अधिकृत साइटवर ग्रिडलीसारखे थोडे गेम मोफत दिलेले आहेत, मशीन तपासायला ते पुरतात.

दोन त्रास मात्र खरे. पहिला, दोन खेळाडूंची बटणं पायला जोडणारे जे दोन यूएसबी बोर्ड येतात त्यांची कॉम्प्युटरला दिसणारी ओळख एकच असते. त्यामुळे चालू केल्यावर कधी डावीकडचा पहिला खेळाडू, कधी उजवीकडचा. स्ट्रीट फायटरमध्ये यावरून घरात खरी मारामारी व्हायची वेळ आली होती. बोर्ड कुठल्या यूएसबी पोर्टात आहे त्यावरून नंबर पक्का करायची सेटिंग आहे, ती केली, आणि वायरींवर लाल निळी टेप मारून ठेवली म्हणजे कोणी काढून भलतीकडे लावू नये.

दुसरा त्रास घरातल्यांचा. खेळून झालं की भिंतीवरचं बटण खटकन बंद. टीव्हीला चालतं, पायला नाही, मेमरी कार्डवर लिहिणं चालू असताना वीज गेली की कार्डातला डेटा खराब होतो आणि मग काळा पडदा. आई, म्हणजे सासूबाई, "झोपताना सगळी बटणं बंद करायची" या नियमाच्या, आणि त्यांचं बरोबरच आहे. मग पॅनलखाली एक वेगळं बटण बसवलं, पायच्या जीपीआयओ ३ पिनला (बाहेरची वायर जोडायच्या पिनांपैकी एक) आणि ग्राउंडला जोडून, कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ टाकली की तेच बटण दाबून नीट बंद होतं आणि परत दाबलं की चालू. आईंना एवढंच शिकवलं, आधी हे, पायचा हिरवा लाइट लुकलुकायचा थांबला की मग भिंतीवरचं. आता त्या माझ्यापेक्षा शिस्तीत बंद करतात.

पॅकमॅनबद्दल एक वेगळी सूचना. १९८० चा गेम, चारच दिशा, आणि आपल्या जॉयस्टिक आठ दिशांच्या. वळणावर दांडी जरा तिरकी गेली की तो तोंड उघडून तिथेच थांबतो आणि भूत येतं. जॉयस्टिकच्या खाली एक प्लास्टिकची चकती असते, ती बऱ्याच मॉडेलमध्ये फिरवून चार दिशांची करता येते. मी उजवीकडची जॉयस्टिक कायमची चार दिशांची करून ठेवलीय, मारामारीचे गेम असले की परत फिरवते, आणि इथेच मागचं दार कामाला येतं.

मागचं दार पियानो हिंजवर (दाराच्या लांबीएवढी सलग बिजागरी) आहे, आणि पॅनल पण पुढच्या बाजूने उचकटून उघडतं, आत दोन मॅग्नेट कॅच. बटणाचा मायक्रोस्विच (बटणाखालचा छोटा स्विच) गेला, आमच्या उडी मारायच्या बटणाचा उन्हाळ्यात गेला, एकदा दाबलं की दोनदा उडी, तर पॅनल उघडा, जुना स्विच ओढून काढा, नवा बसवा, पाच मिनिटांचं काम आणि स्विच किरकोळ किमतीचा. बऱ्याच जणांची मशीन मी बघितलीत ज्यांचं पॅनल चारी बाजूंनी स्क्रूने बंद आहे, तिथे एक बटण बिघडलं की ते तसंच राहतं आणि हळूहळू खेळणंच थांबतं.

आता पावसाळ्याचा निकाल. बाजूच्या फळ्या, सांधे, पॅनल, सगळं जिथल्या तिथे. आतून पण प्रायमर मारून घेतला होता, तेव्हा नवरा म्हणाला आत कोण बघतंय, सासरे म्हणाले बुरशी बघते. जुलैमध्ये कपाटातल्या बॅगांना पांढरी बुरशी आली, मशीन आतून कोरडं. खाली चार चाकं लावल्यामुळे प्लाय जमिनीपासून दोन इंच वर आहे, हे सर्वात महत्त्वाचं, कारण आपल्याकडे रोज लादी पुसली जाते आणि फर्निचर खालूनच सडतं. दोन चाकं ब्रेकवाली घ्या, नाहीतर खेळता खेळता मशीन भिंतीकडे निघतं.

नापास काय झालं तर मागचं दार हार्डबोर्डचं होतं ते ऑगस्टमध्ये धनुष्यासारखं वाकलं, आता ६ एमएम प्लायचं केलंय, वर खाली जाळीच्या पट्ट्या ठेवून, कारण पाय ८० डिग्रीला पोचला की स्वतःच स्पीड कमी करतो आणि गेम अडखळतो. छोटा पंखा आणि ती जाळी, त्यानंतर मे महिन्यातही अडखळला नव्हता, आणि नव्या दारालाही तेवढीच जाळी ठेवलीय. वळणाच्या कडेला लावलेली पीव्हीसीची पट्टी दोन ठिकाणी सुटली, ती हीट गनने गरम करून परत बसवायला लागली आणि अजूनही एका टोकाला नख घातलं तर उचलली जाते. त्या वळणावर ती टी आकाराची मोल्डिंग हवी, पण तिला कडेत खाच मारायला राउटर (लाकडात खाच पाडायचं यंत्र) लागतो. साधे काळे स्क्रू जिथे वापरले तिथे गंजाचे डाग, स्टीलचे जिथे तिथे काही नाही.

खर्चाचं म्हणाल तर लाकूड, सनमायका, हार्डवेअरला जेवढे गेले साधारण तेवढेच पाय, जॉयस्टिक सेट आणि सटरफटर वायरींना गेले, मॉनिटर फुकट. हत्यारं धरली तर गणित बिघडतं, जिगसॉ आणि ड्रिल ओळखीच्यांकडून मिळत असेल तर विकत घेऊ नका. आवाजाचं सोसायटीत आधी बोलून ठेवा, दुपारी दोन ते चार ड्रिल-जिगसॉ बंद, एवढं पाळलं तर कोणी काही म्हणत नाही, उलट संध्याकाळी शेजारची पोरं भुसा झाडायला येतात कारण त्यांना पहिला नंबर हवा असतो.

साइडच्या फळीचा पुठ्ठ्याचा साचा अजून माळ्यावर ठेवलाय. भांडुप-मुलुंडकडे कोणी बनवणार असेल तर घेऊन जा, उंची तुमच्या ओट्याप्रमाणे कमी-जास्त करा, फक्त साचा परत आणून द्या, दादाला पण बनवायचंय आणि त्याला तीन जणांचं पॅनल हवंय, कारण मुस्तफा तिघांनी खेळायचा असतो.