ई-रीडरच्या नावाखाली माथी मारलेले यंत्र

ऑनलाइन बाजारात ‘ई-रीडर’ म्हणजे ई-पुस्तके वाचण्याचे यंत्र या नावाने विकले जाणारे प्रत्येक यंत्र ई-रीडर असतेच असे नाही, आणि हा फरक गिऱ्हाइकाच्या लक्षात येऊ नये याची काही विक्रेते पद्धतशीर काळजी घेतात. ज्या विक्रेत्याने माझी फसवणूक केली त्याच्या जाहिरातीत धडधडीत खोटे असे फार थोडे होते. बहुतेक वाक्ये अशी बेतलेली होती की पुढे तक्रार झालीच तर त्यांचा दुसरा अर्थ काढून दाखवता यावा. म्हणून काय घडले ते सविस्तर लिहीत आहे, आणि जाहिरातीतले शब्दही जिथे महत्त्वाचे आहेत तिथे देत आहे.

खरेदीपूर्वी मी नामांकित कंपन्यांची काही यंत्रे आणि हे अपरिचित नावाचे यंत्र यांचा एक तक्ता केला होता. पडद्याचा आकार, रिझोल्यूशन, साठवण, बॅटरी, चालणारे फाइल-प्रकार, इतर सोयी आणि शेवटी किंमत असे त्याचे रकाने होते. नामांकित यंत्रांचे पडदे सहा-सात इंची आणि कृष्णधवल, साठवण ८ किंवा १६ जीबी, मेमरी कार्डाला जागा नाही आणि व्हिडिओचे तर नावच नाही. या यंत्राचा पडदा ७ इंची आणि रंगीत, साठवण ६४ जीबी, वर कार्डाची खाच, शिवाय गाणी, व्हिडिओ, एफएम रेडिओ आणि सर्व प्रकारच्या फाइली; किंमत मात्र इतरांच्या निम्म्याहून कमी. पडद्याविषयी ‘कागदासारखा, डोळ्यांना न शिणवणारा इंक डिस्प्ले’ असे लिहिलेले होते. वैशिष्ट्ये आणि किंमत यांचा काटेकोर हिशोब मांडला तर हेच यंत्र वरचढ ठरत होते, आणि ते तसे ठरावे याच हेतूने ती जाहिरात लिहिलेली होती. केवळ स्वस्ताला भुलणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा तक्ते करणारे गिऱ्हाईक अशा विक्रेत्याच्या जाळ्यात अधिक सहज सापडते, असे माझे आता मत झाले आहे.

हा सापळा कसा लावला जातो हे कळण्यासाठी खऱ्या ई-रीडरचा पडदा कसा चालतो ते पाहावे लागेल. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधील संशोधनातून १९९७ मध्ये ई इंक ही कंपनी उभी राहिली. तिचा पडदा असलेले सोनीचे लिब्रिए हे वाचनयंत्र २००४ मध्ये जपानमध्ये विक्रीस आले आणि ॲमेझॉनचे पहिले किंडल २००७ मध्ये. या पडद्यात साधारण केसाच्या जाडीच्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांतील द्रवात पांढरे व काळे कण तरंगत असतात. दोन्ही रंगांच्या कणांवर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो, त्यामुळे खालून दिलेल्या विद्युतदाबानुसार कुठे पांढरे कण वर येतात, कुठे काळे. एकदा वर आलेले कण वीज बंद केली तरी तिथेच राहतात. पडद्याला वीज लागते ती पान बदलताना. बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकण्याचे रहस्य इतकेच आहे, आणि हा पडदा उन्हात छापील पानासारखा दिसतो याचेही कारण हेच की तो स्वतः प्रकाश फेकत नाही, पडलेला प्रकाश परत पाठवतो. अलीकडच्या यंत्रांतील दिवेसुद्धा पडद्याच्या कडेला असतात आणि त्यांचा उजेड वरून पडद्यावर पसरतो.

या तत्त्वाची किंमतही मोजावी लागते. द्रवातून सरकायला कणांना वेळ लागतो, म्हणून असा पडदा व्हिडिओसाठी जवळजवळ निरुपयोगी असतो. मागच्या पानाची पुसट छाया घालवण्यासाठी तो मधूनमधून काळा-पांढरा लुकलुकतो. आणि करड्या रंगाच्या त्यात बहुधा १६ छटा असतात. रंगीत ई इंक पडदे आहेत, पण त्यांतील कॅलिडो ३ या प्रकारात कृष्णधवल मजकूर इंचाला ३०० पिक्सेल एवढा रेखीव दिसत असला तरी रंगांची रेखीवता १५० वर येते, रंग फिकट असतात आणि अशी यंत्रे त्याच आकाराच्या साध्या यंत्रांहून महाग असतात. भडक रंग, सलग चालणारा व्हिडिओ आणि अगदी कमी किंमत ही त्रयी ई इंकच्या पडद्यावर एकत्र नांदूच शकत नाही. तक्त्यातील ज्या रकान्यांत हे यंत्र इतरांच्या पुढे जात होते, तेच रकाने ते ई-रीडर नसल्याची साक्ष देत होते.

हाती आले ते सर्वसाधारण एलसीडी पडद्याचे, अत्यंत संथ चालणारे छोटे टॅब्लेट. मागचा दिवा पूर्ण कमी केला की पडद्यावर काहीही दिसत नसे. खिडकीतल्या उजेडात अक्षरे पुसट होत. यंत्र जरासे कलते धरले की रंग उलटे भासत. भिंगातून पाहिल्यावर प्रत्येक अक्षर लाल, हिरव्या आणि निळ्या रेघांचे बनलेले स्पष्ट दिसत होते. ई इंकच्या कृष्णधवल पडद्यावर अशा रेघा असूच शकत नाहीत. आठवडाभर टिकणारी म्हणून सांगितलेली बॅटरी वाचनाच्या एका सलग बैठकीतच धापा टाकू लागे. याचाही खुलासा विक्रेत्याकडे तयार होता: ‘आठवडाभर’ म्हणजे यंत्र बंद ठेवल्यास.

रिझोल्यूशनचा मामला अधिक शिकण्यासारखा आहे. जाहिरातीत ‘१०८०पी’ हा आकडा ठळक अक्षरांत होता. तो पडद्याचा नव्हता. तेवढ्या रिझोल्यूशनची व्हिडिओ फाइल यंत्र उघडू शकते, एवढाच त्याचा अर्थ होता. प्रत्यक्ष पडदा ८०० गुणिले ४८० पिक्सेलचा निघाला. पडद्याची रेखीवता काढण्याचा हिशोब सोपा आहे: लांबी आणि रुंदीच्या पिक्सेलसंख्यांचे वर्ग करून बेरीज करावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला इंचांतील कर्णाने भागावे. या यंत्राचे उत्तर इंचाला सुमारे १३३ पिक्सेल येते. २००७ च्या पहिल्या किंडलचा सहा इंची, ८०० गुणिले ६०० चा पडदाही १६७ पिक्सेलचा होता, आणि आज सहा इंची यंत्रांत सर्रास आढळणारा १४४८ गुणिले १०७२ चा पडदा ३०० चा भरतो. देवनागरी वाचणाऱ्याला हा फरक रोमी लिपी वाचणाऱ्यापेक्षा जास्त जाणवतो, कारण आपल्याकडे रेघेच्या वर आणि अक्षराच्या खालीही बारीक खुणा असतात आणि कमी रेखीव पडद्यावर अनुस्वार आणि रफार यांत फरक करणे कठीण होते. येथे तर तेवढीही वेळ आली नाही, कारण ‘सर्व भाषा’ वाचणाऱ्या या यंत्रात देवनागरी जुळणीची सोयच नव्हती. जोडाक्षरे हलन्त अक्षरांत फुटत होती आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसत होती.

साठवण ६४ जीबी असल्याचे यंत्र सांगत होते आणि संगणकाला जोडल्यावर संगणकही तेच सांगत होता, तरीही ते खोटे होते. मेमरीच्या नियंत्रकातील फर्मवेअर, म्हणजे त्यात भरलेली मूळ आज्ञावली, बदलून खोटी क्षमता कळवण्याची ही क्लृप्ती बनावट मेमरी कार्डांत आणि पेनड्राइव्हमध्ये जुनी आहे: खरी जागा संपली की पुढच्या फाइली आधीच्या फाइलींवर लिहिल्या जातात किंवा त्यांची केवळ नावे उरतात. एफ३ आणि एच२टेस्टडब्ल्यू ही मोफत साधने संपूर्ण जागा भरून ती परत वाचून पाहतात आणि खरी क्षमता उघड करतात. तसेही, निव्वळ मजकुराची पुस्तके आकाराने इतकी लहान असतात की ८ जीबीतही ती हजारोंनी मावतात. आवाजी पुस्तके किंवा चित्रकथा ठेवायच्या नसतील तर या रकान्याला तुलनेत फारसे वजन देण्याचे कारण नाही.

जाहिरातीतील छायाचित्रे एका प्रसिद्ध यंत्राची होती, त्यावरील नाममुद्रा तेवढी पुसलेली होती. अभिप्राय भरघोस होते, पण खाली खाली वाचत गेल्यावर जुने अभिप्राय फोनच्या कव्हरविषयी असल्याचे दिसले. जुन्या, चांगले गुण मिळालेल्या वस्तूचे पान न बदलता त्यावर नवी वस्तू चढवण्याची ही युक्ती आहे. ताऱ्यांची सरासरी पाहून निघून जाणाऱ्याला ती कळत नाही. सर्वांत जुने अभिप्राय उघडून वाचणाऱ्याला लगेच कळते.

तक्रार केल्यानंतर विक्रेत्याचे वागणे अत्यंत नम्र होते, आणि या नम्रतेचा उद्देश वेळ काढणे हा होता. प्रथम त्याने तेजस्विता कमी करण्यास सांगितले, मग ‘इंक मोड’ सुरू करण्यास. हा मोड म्हणजे पडद्यावरील रंग घालवून तो करडा करणारी एक सेटिंग होती, आणि जाहिरातीतील ‘इंक डिस्प्ले’ हे शब्द तिलाच उद्देशून होते असा त्याचा दावा होता. त्यानंतर यंत्र ठेवून घेण्याच्या अटीवर थोडीशी रक्कम परत करण्याचा प्रस्ताव आला. तो नाकारल्यावर रक्कम थोडी वाढली. असा अंशतः परतावा स्वीकारला की तक्रार निकाली निघाली असे धरले जाते आणि ती पुन्हा उघडता येत नाही, हे त्या प्रस्तावात कोठेही लिहिलेले नव्हते. शेवटी वस्तू परदेशी, माझ्या खर्चाने परत पाठवण्यास सांगण्यात आले, आणि तो खर्च यंत्राच्या किमतीच्या जवळ जात होता. या सर्व पत्रव्यवहारात तक्रारीची मुदत सरत होती.

संकेतस्थळाने अखेर पूर्ण परतावा दिला तो दोन गोष्टींमुळे. परताव्याचे कारण मी ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ असे निवडले होते. ‘आवडली नाही’ हे कारण निवडल्यास परत पाठवण्याचा खर्च बहुतेक ठिकाणी गिऱ्हाइकावर पडतो, आणि विक्रेता मला तेच कारण निवडण्याचा वारंवार आग्रह करत होता. दुसरे म्हणजे खरेदीच्या वेळी घेतलेले संपूर्ण जाहिरातीचे स्क्रीनशॉट माझ्याकडे होते. तक्रार सुरू असताना मूळ पानावरील ‘इंक डिस्प्ले’ बदलून ‘इंक मोड असलेला डिस्प्ले’ करण्यात आले होते, आणि जुने शब्द दाखवता आले नसते तर निकाल बहुधा उलट लागला असता. भिंगातून घेतलेले पडद्याचे छायाचित्रही जोडले होते, पण ते कोणी पाहिले की नाही ते सांगता येत नाही.

नामांकित कंपन्यांचे दावेही अटींसकटच वाचायला हवेत, जरी त्यांना फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल. २०२१ च्या किंडल पेपरव्हाइटची बॅटरी दहा आठवडे टिकते असे सांगितले गेले तेव्हा रोज अर्धा तास वाचन, वायरलेस बंद आणि दिव्याची तेजस्विता १३ या पातळीवर, अशा अटी सोबत नमूद होत्या. म्हणजे हिशोब ३५ तासांच्या वाचनाचा झाला. तो चांगलाच आहे, पण रोज तीन तास वाचणाऱ्याला तो दोन आठवडेही पुरणार नाही. येथे अट लिहिलेली असते आणि तिच्यावरून हिशोब करता येतो. माझ्या विक्रेत्याने अट सांगितली ती तक्रार आल्यानंतर.

या अनुभवानंतर अनेक जण वापरलेल्या नामांकित यंत्राकडे वळतात, आणि तिथे वेगळ्या प्रकारचा धोका असतो. पडदा खरा, यंत्र खरे, पण ते मागच्या मालकाच्या खात्याशी जोडलेले असते, किंवा चोरीला गेल्याची नोंद झाल्यामुळे कंपनीने त्याची नोंदणी कायमची रोखलेली असते. असे यंत्र सुरू होते, पाने उलटते आणि विक्रेत्याने आधीच भरलेली पुस्तकेही दाखवते, त्यामुळे जागेवर तपासताना शंका येत नाही. जुन्या यंत्रांबरोबर मिरवली जाणारी ‘मोफत थ्रीजी’ची सोयही अनेक देशांत ते मोबाइल नेटवर्कच बंद झाल्याने आता निरर्थक आहे, आणि तिच्यासाठी जादा रक्कम मागणारे विक्रेते अजूनही आहेत. वापरलेला ई-रीडर घेताना विक्रेत्याला समोरासमोर त्याचे खाते काढून टाकण्यास सांगावे, वायफाय जोडून आपल्या खात्यावर नोंदणी करावी, आणि आपल्या खात्यातील एखादे पुस्तक त्यावर प्रत्यक्ष उतरल्यानंतरच पैसे द्यावेत. अनुक्रमांकाचे छायाचित्र किंवा मूळ खरेदीची पावती दाखवली गेली तरी ही तपासणी टाळू नये.