हेपटायटिस सी : गोळ्या घ्याव्यात की नुसतं लक्ष ठेवावं?

माझा आजार 2012 साली एका रक्तदान शिबिरामुळे कळला. गोव्यात फोंड्याच्या बाजूला आमचं कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग आहे. भूक व्यवस्थित होती, दिवसभर शिंपणं करूनही थकवा नव्हता. रक्तात प्रत्यक्ष विषाणू आहे का ते पाहणाऱ्या आरएनए चाचणीत मात्र तो निघाला. तेव्हाचं औषध म्हणजे दर आठवड्याला इंटरफेरॉनचं इंजेक्शन, रोजच्या रिबाविरिनच्या गोळ्या, आणि हे सहा महिने ते वर्षभर. ताप, केसगळती, मन खचणं हे सोबतीला. डॉक्टर म्हणाले, यकृत अजून चांगलं आहे, थांबू या. मला ते पटलं. सात वर्षं मी नुसतं लक्ष ठेवलं आणि 2019 च्या पावसाळ्यात गोळ्या घेतल्या.

लक्ष ठेवणं वाटतं तेवढं वाईट नाही, हे आधी सांगतो. सहा महिन्यांनी रक्त, अधूनमधून सोनोग्राफी, यकृत किती कडक झालंय ते मोजणारा फायब्रोस्कॅन. रक्तातला एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा होतेय का ते सांगणारा आकडा, नॉर्मल आला की घरी सगळ्यांच्या जिवात जीव यायचा. पण एसजीपीटी नॉर्मल असतानाही यकृतात चट्टे पडत राहू शकतात, हे मला बऱ्याच उशिरा समजलं. आजार जुना झालेल्या शंभरांतल्या साधारण 15 ते 30 जणांना वीस वर्षांत सिरॉसिस होतो, म्हणजे यकृत चट्ट्यांनी भरून कडक होतं. बहुतेकांना तो होत नाही. आपण कुठल्या बाजूला आहोत हे मात्र आधी कुणी सांगू शकत नाही. दारूने हे सगळं लवकर होतं, म्हणून एप्रिलमध्ये घरोघरी हुराक समोर आली की मी हात जोडायचो.

या कशानेही माझा निर्णय झाला नाही. तो झाला कोयतीमुळे.

कुळागरात हाताला कापणं रोजचंच. नारळ सोलताना, झावळ तोडताना, सुपारी फोडताना. एरवी आपण पाण्याखाली बोट धरतो, चिंधी बांधतो आणि पुढच्या कामाला लागतो. या सात वर्षांत मला ते जमलं नाही. हा आजार रक्तातून पसरतो. एकत्र जेवल्याने, मिठी मारल्याने, एका पेल्यातून पाणी प्यायल्याने पसरत नाही, हे मला पाठ होतं. घरात कुणाला लागण होण्याची शक्यता कमी, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी एके दिवशी मिरवेल सोडवताना अंगठ्याला खोल कापलं, आणि आठ वर्षांची मुलगी पळत येऊन स्वतःच्या फ्रॉकने रक्त दाबायला लागली. मी तिच्यावर असा ओरडलो की ती तिथेच माडाच्या आळ्यात बसून रडली. नंतर मी स्वतः ब्लीच ओतून पायरी धुतली, फ्रॉक वेगळा काढला. त्या रात्री ती माझ्याजवळ झोपायला आली नाही. कुठल्याही रिपोर्टात हा त्रास दिसत नाही, पण लक्ष ठेवण्याची खरी किंमत मला तरी हीच वाटली.

गोळ्यांचं सांगायचं तर थोडकंच आहे. सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर, रोज एकदा, 84 दिवस. पहिले दोन आठवडे दुपारी डोकं जड व्हायचं, एवढंच. सिरॉसिस असेल तर वेगळं औषध किंवा जास्त मुदत लागू शकते. 2018 पासून राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली ही औषधं मोफत मिळतात. गोव्यात पहिली चौकशी बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात करावी. शंभरांतल्या 95 हून जास्त जणांचा विषाणू जातो. शेवटच्या गोळीनंतर बारा आठवड्यांनी आरएनए तपासतात, आणि ते बारा आठवडे मला आधीच्या सात वर्षांइतकेच लांब वाटले. रिपोर्टवर विषाणू आढळला नाही असं वाचलं तेव्हा मी बसस्टँडवरच खाली बसलो.

थांबण्यात अर्थ असतोच, पण तो काही जणांसाठी आणि काही काळापुरता. लागण अगदी नवी असेल तर काहींचा विषाणू पहिल्या सहा महिन्यांत आपोआप जातो. गरोदरपणी ही औषधं सहसा सुरू करत नाहीत. हेपटायटिस बी सोबत असेल तर गोळ्यांमुळे तो उसळू शकतो, म्हणून त्याची चाचणी आधी करावी. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन किंवा फिट्ससाठी कार्बामाझेपिन, फेनिटॉइन चालू असेल तर डॉक्टरांना ते पहिल्याच भेटीत सांगावं. ॲसिडिटीची गोळीसुद्धा लपवू नये, उपचारात वेलपाटासविर हे औषध असेल तर तिनेही फरक पडतो.

बाकी कुणी विचारलं, तर तुमच्या डॉक्टरांच्या शब्दापुढे माझा शब्द मोठा नाही एवढं म्हणून मी गोळ्यांच्या बाजूने बोलतो. इंटरफेरॉनच्या काळात थांबणं शहाणपणाचं होतं. आता थांबायला तितकंच ठोस कारण हवं, आणि 'त्रास काही नाही' हे मला ठोस कारण वाटत नाही.

गोळ्यांनंतरही दोन गोष्टी राहतात. आधीच सिरॉसिस झालेला असेल तर दर सहा महिन्यांची सोनोग्राफी सुटत नाही, कर्करोगावर नजर ठेवावी लागते. आणि लागण कधी होऊन गेली का ते दाखवणारी अँटीबॉडी चाचणी विषाणू गेल्यावरही सहसा जन्मभर पॉझिटिव्हच येते. मी दात काढायला गेलो तेव्हा तिथल्या मुलीने ती पाहून मला बाहेर थांबायला सांगितलं. आरएनएच्या रिपोर्टची झेरॉक्स पाकिटात होती, ती दाखवल्यावर आत घेतलं. तुम्हीही दोन-तीन प्रती काढून ठेवा.